तिरकी धार

पासी कोइवुलाला ताइस्तो चौदा वर्षं ओळखत होता, असं गावात सगळे धरून चालतात. म्हणूनच पासीला पुरल्यावर आइस हॉकी क्लबच्या पुस्तिकेसाठी माहिती गोळा करणारी बाई आधी ताइस्तोकडे आली. तासभर बसली आणि जवळजवळ कोरी वही घेऊन गेली. पासीला काय आवडायचं, घरी तो कसा होता, कशाला भ्यायचा, यातलं एकही ताइस्तोला धड सांगता आलं नाही. त्याला माहीत होते ते पासीचे पाय. डावा उजव्यापेक्षा अर्धा नंबर मोठा, घोट्यावर हाड वाढलेलं, आणि बूट चढवताना आधी डावा. बाकी जे माहीत होतं, ते त्या बाईला सांगण्यासारखं नव्हतं.

प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली, बॉयलरच्या शेजारी ताइस्तोची खोली. खेळाडूंच्या स्केट्सना धार लावणं हे त्याचं काम. पात्याला दोन कडा असतात, आतली आणि बाहेरची, आणि मधे बारीक खोबण. दोन्ही कडा सारख्या उंचीच्या हव्यात. ताइस्तो पात्यावर आडवं नाणं ठेवून एक डोळा मिटून बघायचा. नाणं कलतं दिसलं की पुन्हा दगडावर.

पासी पहिल्यांदा त्या खोलीत आला तेव्हा वीस वर्षांचा होता. समुद्रापासून बराच आत, लाकूड कापण्याच्या गिरणीवर जगणाऱ्या गावातला. चौथ्या फळीतला उजवा आक्रमक, म्हणजे सामन्यात सात-आठ मिनिटं बर्फावर, तीही धडका द्यायला आणि खायला. तीन वर्षं त्याने तेच केलं. मग वरच्या फळीतला एक जण गुडघ्यामुळे घरी बसला आणि त्या हिवाळ्यात पासीने एकवीस गोल केले. जाळीसमोर जिथे लोक पाठीत काठ्या घालतात, तिथे तो उभा राहायचा आणि हलायचा नाही. देखणा गोल त्याने क्वचितच केला. चकती त्याच्या पोटाला, नडगीला लागून आत जायची. एक मोसम स्वीडनला खेळून आला. राष्ट्रीय संघाचा शर्ट चार वेळा अंगावर चढला, पाचव्यांदा बोलावणं आलं नाही. त्याबद्दल तो कधी बोलला नाही आणि ताइस्तोनेही विचारलं नाही.

शेवटच्या मोसमात तो चौतीस वर्षांचा होता.

दर ऑगस्टला संघाची डॉक्टर मारित्ता खेळाडूंना संगणकासमोर बसवायची. शब्द लक्षात ठेवायचे, आकडे उलटे म्हणायचे. पुढे कुणाच्या डोक्याला मार बसला की तीच परीक्षा पुन्हा, आणि गुण ऑगस्टइतके पडले तरच त्याला बर्फावर सोडायचं. त्या ऑगस्टला पासी परीक्षा देऊन थेट खाली आला.

"किती पडले?" ताइस्तोने विचारलं.

"सगळ्यांत ढ मी. बारा शब्दांतले चार आठवले. मारित्ता म्हणते, रात्री झोपला नव्हतास का."

"आणि खरे किती आठवत होते?"

"बाराच्या बारा. म्हणून दाखवू?"

त्याने म्हणून दाखवले, आणि ताइस्तो हसला. मुद्दाम चुकणारा पासी एकटा नव्हता. वयाने मोठे झालेले बरेच जण असंच करत. शाळेत होते तशी लबाडी, यापलीकडे ताइस्तोला त्यात काही दिसलं नाही.

नोव्हेंबरमध्ये पासीचं डोकं काचेवर आपटलं. दोन सामने तो बाहेर बसला. मग परीक्षा झाली, या वेळीही चारच शब्द आठवले, आणि मारित्ताने त्याला सोडलं. खरे किती आठवत होते, ते पासीने या वेळी सांगितलं नाही.

त्यानंतर त्याच्या उजव्या स्केटची बाहेरची कड दोन दिवसांतच बोथट होऊन यायला लागली. आतली मात्र जशीच्या तशी. ताइस्तो वर जाऊन सराव बघत उभा राहिला. डावीकडे वळताना पासी होडीत चालणाऱ्या माणसासारखा उजवीकडे कलत होता. अगदी थोडा. इतर कुणाला दिसला नसता.

"उजवीकडे झुकतोयस," ताइस्तो त्याला म्हणाला.

पासीने उठून खोलीचं दार लावलं. "कुणाजवळ बोललास?"

"नाही."

"मग नको बोलूस. वसंतात माझा करार संपतो. आता बाहेर बसलो तर कायमचा बसलो. दुसरं काय येतं मला, म्हाताऱ्या? लाकडं कापू?"

"कापतात की लोक."

"तू काप. तुला शोभेल."

ताइस्तोने लाकडंही कापली नाहीत आणि तो मारित्ताकडेही गेला नाही. त्याने जे केलं ते धार लावणाऱ्या माणसालाच सुचलं असतं. उजव्या पात्याची एक कड त्याने केसभर उंच ठेवली, म्हणजे वळताना पातं पासीला स्वतःच सरळ धरेल. नाणं कललेलं दिसत होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने तसंच पातं बाहेर दिलं.

पासी सरळ खेळायला लागला. नाताळच्या आधी त्याने तीन गोल केले. प्रशिक्षक म्हणाला, या माणसाला नवे पाय फुटलेत. पासीने जाता जाता काळ्या ज्येष्ठमधाच्या गोळ्यांचं पाकीट ताइस्तोच्या टेबलावर टाकलं, आणि ताइस्तोला बरं वाटलं.

फेब्रुवारीत केसभर पुरेना, दोन केस लागले. पासी खोलीत आला की म्हणायचा, "ती ट्यूब बंद कर ना, डोळ्यात घुसते." एकदा तो आपले स्केट्स मागायला आला तेव्हा ते त्याच्याच खांद्यावर लटकत होते. दोघंही हसले, पण पासी जरा उशिरा हसला. एकदा तो ताइस्तोला "ओइवा" म्हणाला. ओइवा म्हणजे ताइस्तोच्या आधी त्या खोलीत असलेला माणूस. तो मरून अकरा वर्षं झाली होती. ताइस्तोने ओ दिली.

मार्चमध्ये बाद फेरी सुरू झाली. हरेपर्यंत दाढी करायची नाही या रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी दाढ्या वाढवल्या होत्या. सहाव्या सामन्याच्या दिवशी दुपारी मारित्ता खाली आली. ती सहसा खाली येत नसे.

"ताइस्तो, पासीबद्दल विचारायचं होतं. त्याची बायको सातु, तिचा फोन आला होता. घरच्या जिन्यात पडला म्हणाली. माझ्या परीक्षेत तर तो ठीक आहे. तुम्ही त्याचे स्केट्स रोज बघता. काही वेगळं दिसतंय?"

पासीचा उजवा स्केट ताइस्तोच्या हातातच होता. त्याने तो पुढे केला. मारित्ताने पात्यावरून नख फिरवून पाहिलं, ते उजेडात धरलं. काय बघायचं ते तिला माहीत नव्हतं.

"पातं ठीक आहे," ताइस्तो म्हणाला.

"तुम्ही म्हणता म्हणजे असेल. तुमच्याइतकं कुणाला कळणार?"

ती जिना चढायला लागली. ती वर पोचेपर्यंत हाक मारता आली असती. ताइस्तो तिच्या पावलांचा आवाज संपेपर्यंत उभा राहिला. मग त्याने डावा स्केट उचलला आणि यंत्र चालू केलं.

संध्याकाळी दुसऱ्या सत्रात पासी डाव्या कोपऱ्यात वळला आणि समोरच्याचा खांदा त्याला लागला. धक्का फार जोराचा नव्हता. टीव्हीवर तीनदा दाखवला, आणि तिन्ही वेळा लोक म्हणाले, एवढ्याने? पासी शुद्धीवर आला नाही. नवव्या दिवशी गेला.

त्याआधी, सामन्याला तासभर असताना, तो स्केट्स न्यायला खाली आला होता. दाढी खाजवत दारातच उभा राहिला.

"मारित्ता आली होती म्हणे."

"आली होती."

"मग?"

"पातं ठीक आहे म्हटलं."

पासीने मान हलवली, स्केट्स काखेत मारले आणि थोडा वेळ तिथेच घुटमळला.

"कॉफी आहे का?"

"सकाळची आहे."

"असू दे. सामना झाल्यावर घेतो."

"गार होईल."

"मग गरम कर."