पाटावर बसलेला भुऱ्या

आर्णीच्या पुढं फाट्यावर उतरून आत गेलं की जे गाव लागतं, तिथं भर दुपारी पांधणीनं, शेतांमधल्या वाटेनं, सहसा कुणी जात नाही. गेलंच, तर किसनरावांच्या शेतातल्या कडूनिंबाकडं बघत नाही. बघितलं तर काय दिसतं? काही नाही. एक बाई भाकर खात बसलेली, बाजूला वासराएवढं कुत्रं पसरलेलं, आणि दोघांच्या मधे एका माणसापुरती रिकामी जागा. बस्स, एवढंच. पण त्या जागेवर कुत्रं कधी पंजा ठेवत नाही आणि बाई कधी डबा ठेवत नाही, हे ज्याच्या एकदा ध्यानात आलं, तो पुढच्या वेळी पांधण सोडून सडकेनं जातो.

ही बाई म्हणजे लीलाबाई. साठीच्या अलीकडची, हडकुळी आणि तोंडानं अशी फटकळ की सरपंचसुद्धा तिच्या दारावरून जाताना मोबाईल कानाला लावतो. कुत्र्यामांजरांचा तिला भारी तिटकारा. दारात आलेल्या कुत्र्याला तिनं उभ्या जन्मात अख्खी भाकर टाकली नव्हती. पण एक गोष्ट तिचे दुष्मनही कबूल करतील. नवऱ्याच्या, किसनरावांच्या, जेवणाची वेळ तिनं कधी चुकवली नाही. सूर्य डोक्यावर आला की फडक्यात बांधलेली भाकर निंबाखाली पोचलीच म्हणून समजा.

चुकली ती एकदाच. संक्रांतीचे दिवस होते. शेजारच्या इंदूबाईला संध्याकाळी माहेरी जायचं होतं, म्हणून तिनं हळदीकुंकवाला बायका दुपारच्या आधीच गोळा केल्या. तिळगूळ झाला, वाण झालं, उखाणे झाले, आणि लीलाबाई हसण्याखिदळण्यात रमली. एरवी कुठं रमणारी बाई नव्हती ती. भानावर आली तेव्हा ऊन कललं होतं. भाकर घेऊन ती धावतच शेतात गेली. किसनराव निंबाला टेकून बसले होते, तोंड पांधणीकडं, डोळे उघडे. समोर पळसाच्या पानावर कांदा ठेवलेला, बुक्कीनं फोडलेला. भाकर आली की लगेच सुरू करायचं, म्हणून ते आधीच कांदा फोडून ठेवत.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, भाकर वेळेवर आली असती तरी वाचले नसते. लीलाबाईनं ऐकून घेतलं. पण तिच्या मनात एकच गोष्ट रुतून बसली: माणूस उपाशी गेला, आणि माझ्यापायी गेला. उपाशी गेलेला माणूस सुटत नाही, असं तिची सासू म्हणायची. त्या दिवसापासून लीलाबाईनं दुपारचं जेवण सोडलं.

होळी झाली आणि अंकूर गावी आला. हा तिचा एकुलता मुलगा, पुण्यात एका बंगल्यावर गाडी चालवतो. येताना खोक्यात एक पिल्लू घेऊन आला. मालकाच्या मॅस्टिफ या थोराड परदेशी जातीच्या कुत्रीला झालेलं होतं. आईला सोबत होईल आणि रानडुकरं तुरीत शिरणार नाहीत, असा त्याचा हिशेब. पिल्लू भुऱ्या रंगाचं, तोंड काजळ फासल्यासारखं काळं, कपाळावर म्हाताऱ्यासारख्या सुरकुत्या. पंजे असे, की अंग धाकट्याचं आणि पाय थोरल्या भावाचे.

"आई, हे आपल्या गावरानी कुत्र्यासारखं नाही," अंकूर निघताना म्हणाला. "याले मोजूनमापून खाऊ घालजो. हे हळू वाढलं पाहिजे. भराभर वाढलं, तर अंगाचं वजन हाडाले झेपत नाही."

"म्हंजे उपाशी ठेवू? मंग आणलं कायले?" लीलाबाई फणकारली.

अंकूरनं त्याचं नाव सुलतान ठेवलं होतं. बस फाट्यावरून हलायच्या आत लीलाबाईनं ते भुऱ्या करून टाकलं. कुरकुर करत का होईना, तिनं पिल्लाचं सगळं केलं. तोंडाच्या घड्यांत लाळ साचून कातडी ओली राहायची, ती फडक्यानं पुसायची. ऊन वाढलं तसं या जातीला धाप लागते म्हणून ओलं पोतं अंथरायची आणि स्वतः घामानं भिजत कूलर त्याच्या तोंडावर फिरवायची. भाकरही अंकूरच्या सांगण्याप्रमाणं मोजूनच. तिचं तिलाच नवल वाटायचं.

मग अक्षय तृतीया आली. घरातलं माणूस गेल्यानंतरची पहिली अक्षय तृतीया तिकडं फार मोठी. गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला पितर म्हणून बोलवायचं, पाय धुवायचे, पाटावर बसवून वाढायचं. तो जेवला म्हणजे आपलं गेलेलं माणूस जेवलं. लीलाबाई या दिवसाकडं डोळे लावून बसली होती. एकदा का हे जेवण झालं, की तिच्या छातीवरचा धोंडा उतरणार होता. पितर म्हणून तिनं घनश्यामला सांगितलं होतं. किसनरावांच्या धुऱ्याला, शेताच्या बांधाला, लागून त्याचा धुरा, दोघांची जन्माची दोस्ती.

ताट वाढून झालं. सांजोऱ्या, वडे, कुरडया, चिंचेच्या पाण्याची चिंचोणी. घनश्यामचा पत्ता नाही. त्याची गाडी आर्णीच्या रस्त्यावर पंक्चर झाली होती. ऊन डोक्यावर आलं, मग कलायला लागलं. पुन्हा उशीर, पुन्हा तेच. लीलाबाई दाराशी जाऊन रस्ता बघायला लागली.

तेवढ्यात अंगणात कुणीतरी खाकरलं.

किसनरावांची ती सवय होती. घरात शिरण्याआधी ते खाकरायचे. लीलाबाई वळून पाहते तर मागच्या दारातून भुऱ्या आत येत होता. घशात काही अडकलं असेल, पिल्लांना होतं तसं. तो सरळ पाटाशी गेला, पाटावर बसला आणि ताटाला तोंड लावलं. आधी सांजोरी. किसनरावही गोड आधी खायचे.

इंदूबाई मदतीला आली होती. ती आधी फस्सकन हसली, आणि मग तिचं हसू तोंडातच राहिलं. लीलाबाई भुऱ्याला हाकलायला उठत होती, तिचा हात इंदूबाईनं धरला.

"उठवू नको वं लीला. पितराले पाटावरून उठवत नाई."

झालं. मागाहून घनश्याम घामाघूम होऊन आला, पण त्याला बसवायचं कुठं? पाट उष्टा झाला होता. उंबऱ्यातूनच तो परत गेला.

दुसऱ्या दिवसापासून त्या घरातलं माप संपलं. सकाळी दुधात कुस्करलेल्या भाकरी, दुपारी तुपात माखलेल्या, वर उकडलेली अंडी. हाडं मजबूत होतील म्हणून आर्णीच्या दुकानातून कॅल्शियमची पावडरही आणली. ज्या बाईनं कुत्र्याला कधी अख्खी भाकर टाकली नाही, ती आता स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन कुत्र्याला वाढायला लागली. भुऱ्या म्हणणंही बंद झालं. नवऱ्याचं नाव ती कधी घेत नव्हती, तसंच. "आयकलं का? जेवून घ्या," असं ती अंगणात म्हणायची. ते ऐकून इंदूबाईनं मधल्या कुंपणाच्या बाजूला धुणं वाळत घालणं सोडलं.

आणि भुऱ्या दुपारी घरातून नाहीसा व्हायला लागला.

एकदा लीलाबाई त्याच्या मागं गेली. भर दुपार, पान हलत नव्हतं, पाखराचा आवाज नव्हता. पांधणीनं तो हळूहळू चालत शेतात शिरला, निंबाखाली गेला आणि बुंध्याला पाठ लावून बसला. तोंड पांधणीकडं. तिनं त्याला तिथं कधी नेलेलं नव्हतं. ती दिसली तरी त्यानं शेपूट हलवली नाही. नुसता बघत राहिला, भाकरीची वाट पाहणारं माणूस बघतं तसा.

"वासानं जात असन वहिनी," घनश्याम समजूत घालायला म्हणाला. पण एक दिवस तो स्वतःच धुऱ्यावर फावडं घेऊन उभा असताना त्याला गंमत सुचली. "काय किसनराव, ऊन लागून राह्यलं का?" त्यानं निंबाकडं बघून हाक मारली. भुऱ्यानं ते सुरकुतलेलं तोंड सावकाश वळवलं आणि त्याच्याकडं पाहिलं. घनश्याम फावडं तिथंच टाकून घरी आला. नंतर ते आणायला त्यानं गडी पाठवला.

श्रावणापर्यंत भुऱ्या लीलाबाईच्या कमरेला लागायला लागला. अंग असं भरलं की गावातली पोरं बघायला यायची. पण त्याचे पुढचे पाय बाहेरच्या बाजूला वाकत होते. पंजे फाकले, चालताना मनगटं जमिनीला टेकायला लागली. एका सकाळी तो उठलाच नाही. उठायचा प्रयत्न करायचा आणि विव्हळून पडायचा. लीलाबाईनं आर्णीहून जनावरांचे डॉक्टर बोलावले. डॉक्टर धम्मरत्न मोटरसायकलवरून आले, पाय चाचपले, ताट पाहिलं, पावडरचा डबा पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"मावशी, तुम्ही याले प्रेमानं मारून राह्यल्या. हाडं अजून कच्ची हायेत अन् वर हे ओझं. पावडर आजच फेका. भाकर निम्मी करा, तूप बंद. वेळेवर आवरलं तर पाय बरेचसे सरळ होतीन. नाही तर दिवाळीपर्यंत हे कुत्रं कायमचं बसलं समजा."

"निम्मी?" लीलाबाईनं ताट जवळ ओढलं. "भुकेलं राह्यलं तर?"

"थोडं भुकेलंच राहू द्या. तेच औषध हाय."

डॉक्टर सुई टोचून गेले. लीलाबाई मात्र तिथंच बसून राहिली. खाऊ घातलं तर हा मुका जीव जातो. नाही घातलं तर घरधनी पुन्हा उपाशी. तिला काही सुधरेना. तरी निम्मी भाकर वाढली आणि तोंड फिरवून घरात गेली. भुऱ्यानं ताट चाटून चाटून घासलं. रिकाम्या ताटाचा फरशीवरचा तो खरखर आवाज तिला आत ऐकू येत होता. अंकूरचा फोन आला, तिनं उचलला नाही.

असे काही दिवस गेले. सुईनं म्हणा, कमी भाकरीनं म्हणा, भुऱ्या उठून चार पावलं टाकायला लागला. आणि एका दुपारी अंगण रिकामं दिसलं.

तो कुठं असेल हे शोधायची गरज नव्हती. लीलाबाई चुलीपुढं बसली. तिनं भाकरी थापल्या, तूप लावलं, वांग्याची भाजी केली, फडक्यात बांधलं, वर एक अख्खा कांदा ठेवला. डॉक्टर गेले खड्ड्यात. तिच्यानं आता हे बघवत नव्हतं. ती भराभर निघाली. सूर्य अजून डोक्यावर आला नव्हता. आज उशीर होऊ द्यायचा नव्हता.

आभाळ उघडलं होतं. कपाशी गुडघ्याएवढी झाली होती. निंबाखाली भुऱ्या बुंध्याला टेकून बसलेला, तोंड पांधणीकडं. भाकरीचा वास येताच त्याच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबायला लागल्या. तो धडपडत उठला. वाकडे पाय लटलटा कापत होते, तरी तो तिच्याकडं यायला बघत होता. दोन पावलांवर एक पाय दुमडला आणि त्याचं तोंड मातीत आपटलं.

किती लहान होतं ते. एवढं थोराड अंग, पण वर्षाचंही नव्हतं. किसनरावांनी उभ्या जन्मात कधी जेवणासाठी अशी धडपड केली नव्हती. ते वाट बघायचे, बस्स. हे तर नुसतं भुकेलं लेकरू होतं.

तिनं भाकर त्याच्यापुढं धरली नाही. निंबाच्या बुंध्याशी गेली, पळसाची पानं अंथरली, त्यावर सगळं वाढलं. कांदा पानावर ठेवला, अख्खाच. मग वाढलेल्या पानाकडं पाठ करून बसली आणि पांधणीकडं बघत बोलली.

"इंदूच्या घरी हळदीकुंकवात बसली होती मी. हसत होती. तुमची याद नाही राह्यली मले. तुम्ही उपाशी गेले. माहं चुकलं. पण त्यात या मुक्या जीवाचा काय गुन्हा? याले सोडा. तुमची भाकर आणली हाय. आज वेळेवर आणली."

भुऱ्या एवढा भुकेला, की लाळेनं माती भिजली होती. भाकर त्याच्या तोंडाच्या अंतरावर होती. त्यानं भाकरीकडं पाहिलं नाही. तो लीलाबाईच्या मागं, बुंध्याकडं बघत होता. त्याची शेपूट हळूच हलली. मग त्यानं मान खाली घातली आणि पोट घासत मागं सरकला, कुणी बसायला आलं की जागा करून देतात तसा. चांगला दूर सरकला, कपाशीच्या पहिल्या ओळीपर्यंत.

लीलाबाईच्या पाठीमागं धप्प असा आवाज झाला.

तिनं सावकाश मान वळवली. पळसाच्या पानावर कांदा फुटलेला होता, बुक्कीनं फोडावा तसा, मधोमध. निंबाचं एक पान हलत नव्हतं.

ती ओरडली नाही. डोक्यावरचा पदर पुढं ओढला, एक भाकर पानावर राहू दिली आणि दुसरी स्वतः घेतली. संक्रांतीनंतर पहिल्यांदा तिनं दुपारचा घास तोंडात घातला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती खात राहिली.

"जेवा सावकाश," ती म्हणाली.

मग फडकं झटकून उठली. पितराला वाढून निघालं की मागं वळून पाहू नये. तिनं पाहिलं नाही.

"चाल रे भुऱ्या," ती म्हणाली. "तुही भाकर घरी हाय. अन् निम्मीच भेटन, आधीच सांगून ठेवतो."

भुऱ्या उठला आणि लंगडत तिच्या मागं निघाला. पांधणीच्या तोंडाशी तो थांबला, वळला, आणि निंबाकडं बघून त्यानं पुन्हा एकदा शेपूट हलवली. लीलाबाई त्याच्यासाठी थांबली, पण तोंड गावाकडंच ठेवून.