बटणाचा चाकू आणि बाबांचा हात

मंडळी, आज सुट्टी होती, म्हणून इथे आखातात, शुवैखच्या बाजारात बटण दाबलं की उघडणारा छोटा खिशातला चाकू घ्यायला गेलो. बाबांसाठी. मी इकडे आल्यावर ते आंब्याच्या कलमावरून पडले, तेव्हापासून त्यांचा एक हात चालत नाही. आई सांगते, जुना चाकू ते दाताने उघडतात.

वाटेत गॅरेजबाहेरच्या गाड्या बघण्यात तासभर गेला, ते सोडा.

दुकानदार चाचा दापोलीचे. त्यांनी पाच-सहा चाकू खटाखट उघडून दाखवले. मला एक हलका, मुठीत मावणारा आवडला.

"ह्याचं बटण उजव्या अंगठ्याला येतं. डाव्यासाठी वेगळा. बापाचा चालता हात कुठला?"

तीन वर्षं व्हिडिओ कॉलवर नुसता चेहराच बघतोय.

"काय रे पोरा, एवढं ठाऊक नाय?"

तिथूनच फोन लावला. "बाबा, जरा मागे सरका ना. पूर्ण दिसू दे."

"कशाला? अंगात शर्टपण नाही."

तरी सरकले. उजवा हात काडीसारखा लोंबत होता. डावा हलवून हसले.

डाव्या हाताचा चाकू घेतला. गावी जायला अजून पाच महिने आहेत.

तुम्ही तुमच्या माणसांना अख्खं शेवटचं कधी पाहिलंत?