चार्जनाना

'चार्ज' या एका शब्दावर नानांनी अख्खा जन्म काढला. डोंबिवलीतल्या एका केमिकल कंपनीत ते रिअ‍ॅक्टरवर ऑपरेटर होते आणि मी त्यांच्या नंतरच्या पाळीचा. रिअ‍ॅक्टरमध्ये माल टाकणं म्हणजे चार्ज, मोबाइलला लागतो तो चार्ज, रिक्षावाल्यानं वाट्टेल ते सांगितलं तर तोही चार्ज. मन लागत नसलं की "आज चार्ज नाही रे" म्हणत डबा अर्धाच खायचे. आम्ही त्यांना चार्जनानाच म्हणायचो.

पण त्यांचा खरा चार्ज पाळी बदलतानाचा. दुपारी तीनला मी आलो की दंडाला धरून मला एकेका व्हॉल्व्हपाशी न्यायचे. काय उघडं, काय बंद, कुठे गळतंय, सगळं सांगायचे. शेवटी मी "चार्ज घेतला" म्हणायचं. मशीनच्या आवाजात वर्षं काढून त्यांचे कान गेलेले, त्यामुळे माझ्या पुटपुटण्यानं भागायचं नाही. "मोठ्यानं बोल. ऐकल्याशिवाय मी हलायचा नाही," म्हणायचे, आणि खरंच हलायचे नाहीत. रोज रोज तेच काय, म्हणून मी मनातल्या मनात चरफडायचो.

माझी मुलगी झाली त्या दिवशी मी कोणाला न कळवताच दवाखान्यात पळालो. नाना माझीही पाळी करून घरी गेले. दुसऱ्या दिवशी मान खाली घालून त्यांच्यासमोर उभा राहिलो, तर म्हणाले, "मुलगी ना? आता कळेल तुला चार्ज म्हणजे काय."

नाना निवृत्त झाले आणि वर्षभरात त्यांच्या बायकोला, आमच्या काकूंना, अर्धांगवायूचा झटका आला. मूलबाळ नव्हतं. औषधांच्या डब्यांवर नानांनी व्हॉल्व्हवर घालतात तसे पांढऱ्या रंगानं आकडे घातले. दूध आणायला खाली जायचं तरी शेजारच्या वहिनींना बोलावून डबे दाखवायचे. त्या बिचाऱ्या हसत हसत, पण मोठ्यानं, "चार्ज घेतला" म्हणायच्या.

मी तोवर कोलशेतला राहायला गेलेलो. एक दिवस नानांचा फोन आला.

"जरा येऊन जा रे. हिचा चार्ज द्यायचाय. माझं आता काही खरं नाही."

"रविवारी येतो नाना," मी ओरडून सांगितलं. त्या रविवारी वाटेत माजिवड्याला गाड्या तुंबल्या होत्या, तेवढ्यावरून मी परत फिरलो. पुढच्या रविवारी घरी पाहुणे. सांगायला लाज वाटते, पण दोन्ही वेळा मला सुटल्यासारखंच वाटलं होतं. त्यानंतरच्या शुक्रवारी नाना गेले. बदली माणूस समोर आल्याशिवाय ज्यांनी जन्मात जागा सोडली नाही, त्यांना माझ्यापायी तशीच सोडावी लागली.

मी गेलो तेव्हा काकू खाटेवर बसून होत्या. अडखळत म्हणाल्या, "शेवटचे दोन दिवस... दार लावू देईनात. म्हणायचे, तो येतोय."

वहिनींनी डबे पुढे ठेवले. पहिला उपाशीपोटी, दुसरा जेवणानंतर, तिसरा झोपताना. एकेक डबा हातात घेऊन मी ते सगळं पाठ केलं. मग नानांच्या फोटोसमोर उभा राहून कसाबसा पुटपुटलो, "चार्ज घेतला."

मागून काकूंचा आवाज आला, "मोठ्यानं बोल रे. त्यांना ऐकू येत नाही."