पंच्याऐंशीची लेन्स

बद्रीनाथ मूळचा फुलंब्रीचा, पण गेली चौदा वर्षं शहरात टीव्ही सेंटरजवळ त्याचा फोटो स्टुडिओ. लग्नसराईत त्याला जेवायला फुरसत नसायची, बोलायला मात्र भरपूर. आणि बोलण्याचा विषय एकच, त्याची पंच्याऐंशीची लेन्स. प्रत्येक फोटोग्राफरचा आपला एक नंबर असतो, हे तो समोरच्याला चहा पाजून ऐकवी. नंबर लहान असला की माणसाच्या अगदी जवळ जावं लागतं आणि आजूबाजूचे सगळे फोटोत येतात. नंबर मोठा असला की लांबून नेम धरायचा. नवरी तेवढी लखलखते, मागचं सगळं लोण्यासारखं वितळून जातं. "पस्तीस म्हणजे गर्दी, पंच्याऐंशी म्हणजे कला," असं तो म्हणे. एकदा त्यानं कॉम्प्युटरवर वर्षभराचे फोटो तपासले, तर दहातले नऊ पंच्याऐंशीचेच निघाले. आपला नंबर सापडला म्हणून स्वारीनं पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. जुनी पस्तीसची लेन्स तेव्हापासून खालच्या खणात पडली.

एका दुपारी मनकर्णाबाई मुलीला, करुणाला, घेऊन दुकानात आल्या. मागच्या उन्हाळ्यात करुणाच्या लग्नाचे फोटो बद्रीनाथनंच काढले होते, वाळूजकडे, रांजणगावात.

"दादा, करुणाचे वडील गेले," मनकर्णाबाई म्हणाल्या. "रविवारी घरी त्येंच्या नावानं वंदना, पुण्यानुमोदन हाय. बुद्धमूर्तीपाशी, बाबासाहेबांच्या फोटोपाशी त्येंचा बी ठिवायचा. मोबाईलमधी दोन हायेत, पन दवाखान्यातले. नाकात नळी. लग्नात कसे धडधाकट व्हते! नवा पांढरा सदरा शिवला व्हता."

"मावशी, नऊशे फोटो आहेत. एक काय, दहा निघतील," बद्रीनाथ म्हणाला, आणि मोठ्या ऐटीत त्यानं स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. ती वळवली नसती तर बरं झालं असतं, असं त्याला नंतर फार वाटलं.

पंचशील घेताना करुणा. पापणीन् पापणी मोजून घ्यावी. तिच्या मागं एक पांढरा पुसट डाग.

"हे बाबा," करुणा म्हणाली.

हार घालताना डाग. बिदाईच्या वेळी डाग, त्याला वर केलेला एक हात. बद्रीनाथ भराभर पुढं जाऊ लागला. मोठं करून बघितलं तर डागच मोठा झाला. एका ॲपमधून चेहरा साफ करून घेतला, तर भलत्याच माणसाचे डोळे उमटले.

"हे नाय," मनकर्णाबाई म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती, तेच त्याला सोसवेना.

शेवटी एक सापडला. स्टेजवर करुणाचे वडील, धोंडिबा, पोरीच्या खांद्याला खांदा लावून उभे, त्यामुळे तिच्याइतकेच स्वच्छ आलेले. पण अंग झुकलेलं, एक पाय खाली उतरायला उचललेला, तोंडावर ओशाळं हसू. पुढच्या फोटोत करुणा एकटीच.

त्या दोन फोटोंच्या मधे काय झालं, ते बद्रीनाथला लख्ख आठवलं. त्याचा स्वतःचाच आवाज होता. "ओ काका, बाजूला व्हा जरा! फ्रेम खराब होते!" लांबून ओरडायचं तर जोरातच ओरडावं लागतं. मांडवभर ऐकू गेलं होतं.

मनकर्णाबाईंनाही आठवलं असावं. "मला म्हनले, पोरीसंगं एक पायजे व्हता. पन त्या सायबाचं काम हाय, आपन मधी कशाला. मंग उतरले." मग त्या म्हणाल्या, "ह्योच द्या. हासतेत तरी."

माफी मागावी असं बद्रीनाथच्या शंभरदा मनात आलं, पण त्यानं विचारलं ते तसबिरीचं माप. मेल्या, कसला नंबर सापडलाय तुला, असं तो स्वतःलाच शिव्या घालत राहिला. बापाचं तोंड पुसून पोरीचा फोटो काढणारा कलाकार! ज्या लांब उभं राहण्याचा त्याला एवढा तोरा होता, ते लांब उभं राहणं आता त्याला चोरासारखं वाटू लागलं.

रविवारी तसबीर घेऊन तो स्वतः गेला. पिशवीत पस्तीसची लेन्स होती. वंदना झाली, माणसं जेवायला बाहेर मांडवात गेली. दहा बाय दहाच्या खोलीत तसबिरीपाशी मायलेकीच उरल्या.

"मावशी, तुमच्या तिघांचा एक काढतो," तो म्हणाला.

पस्तीसची लेन्स लावून तो पुढं गेला, आणखी पुढं, पार दोन हातांवर. इथून ओरडायची सोय नव्हती. मनकर्णाबाईंचे सुजलेले डोळे थेट त्याच्याकडे बघत होते आणि त्याचेही त्यांना दिसत होते. चुकलो म्हणायला याहून जवळची जागा नव्हती. त्यानं तोंड उघडलं.

तेवढ्यात कॅमेरा इतका जवळ आलेला पाहून मनकर्णाबाई गडबडल्या. त्यांनी पदर सावरला, करुणाला तसबिरीकडे ढकललं आणि स्वतः भिंतीला पाठ लावून कोपऱ्यात सरकल्या.

"इथं चालंल ना दादा?" त्यांनी विचारलं. "का अजून बाजूला व्हऊ?"