९९९ मधला फोन

भूतखेत मी मानत नाही. सासूबाईंनी त्र्यंबकेश्वरला पितरांची शांत करायचं काढलं, तेव्हाही मी ते हसण्यावारी नेलं होतं. दिवसभर वायरींत डोकं घालून बसणारी बाई मी... तरी हे लिहायला बसलेय.

नाशिकमधल्या एका हॉस्पिटलात मी नेटवर्क बघते. तिसरा मजला, लिफ्टच्या मागे सर्व्हर रूम. सगळ्या वायरी जिथे येतात त्या एकाच स्विचमध्ये व्हीएलॅन करून आम्ही वेगवेगळ्या गल्ल्या पाडतो — फोनची एक, आयसीयूच्या मॉनिटरची एक, वायफायची एक. शिवाय ९९९ नंबरची बंद गल्ली. बिनवापराचे पोर्ट, म्हणजे वायर खोचायच्या जागा, तिच्यात ढकलायचे. तिथून कुठेच जाता येत नाही, तिथे कोणी येतही नाही.

हे सगळं मला शिकवलं येवल्याच्या शेख सरांनी. उन्हाळ्यात ते वारले. त्यांच्या टेबलावरच्या फोनचा पोर्ट मीच ९९९ मध्ये टाकला. फोन टेबलावरून हलवायला मात्र मन होईना. सरांचा एक नियम होता. आयसीयूच्या लाईनला हात लावायच्या आधी ते तिथे कळवायचे — "सिस्टर, दहा मिनिटं स्क्रीनवर विसंबू नका, पेशंटपाशी उभ्या राहा."

त्या मंगळवारी दुपारी मी कळवलं नाही. काम किरकोळ होतं, नातेवाइकांसाठी वायफायची नवी गल्ली आयसीयूच्या लाईनवर जोडायची. कमांड मारली, चहा ओतून घेतला... आणि सरांचा फोन वाजला.

वाजूच शकत नाही हो तो! त्याला नंबरच उरला नव्हता. तो थांबेना, आणि माझा हात काही पुढे होईना. थांबला तेव्हा चहावर साय धरली होती.

लगेच मोबाईल. आयसीयूच्या सिस्टर रडवेल्या झालेल्या — "मॅडम, आमच्या टेबलावरची स्क्रीन केव्हाची अडकलीये! चार नंबरचे काका..."

त्या लाईनवरून कुठल्या गल्ल्या जाऊ द्यायच्या, त्या यादीत नवी वाढवायच्या ऐवजी मी अख्खी यादीच बदलली होती. नवशिके करतात ती चूक. मॉनिटरची गल्ली त्यात बंद पडली. एका ओळीच्या कमांडने मी ती परत चालू केली, पण काका गेले होते. त्यांच्या काचेच्या खोलीचं दार लावलेलं, आतला अलार्म बाहेर कोणाला ऐकूच आला नाही.

डॉक्टर म्हणाले, वाचलेच असते असं सांगता येत नाही. नसते वाचले, असंही ते म्हणाले नाहीत.

फोनचे लॉग मी तीनदा तपासले. कॉल नाही. पोर्ट ९९९ मध्येच. फोन कंपनीचा माणूस म्हणाला, "मॅडम, भास झाला तुम्हाला." झाला असेल. उचलला असता तर काय ऐकू आलं असतं, एवढंच मनात येत राहतं.

काका गेले त्या संध्याकाळी कॉरिडॉरमध्ये काकांची बायको भेटली, कळवणकडची. गळ्यातलं ओळखपत्र बघून तिने माझा हात धरला.

"ताई, ते मशीन चालू व्हतं ना?"

"हो मावशी," मी म्हणाले. "चालू होतं."