आईसाठी कोरडी जागा

शेवगावच्या गाडीत बसायचं तर माणसाने आधी चार दिवस उपास करून अंग बारीक करून घ्यावं. बाहत्तर सालच्या मार्चमध्ये मी पुण्याहून नगरपर्यंत बसून आले, आणि नगरहून शेवगावला गेले ती एका पायावर. दुसरा पाय टेकवायचा तिथे एका शेतकऱ्याने नवा कोरा पत्र्याचा डबा ठेवला होता आणि तो काही केल्या हलवू देईना.

"रिकामाच आहे ना हो?" मी विचारलं.

"रिकामा हाय म्हनून तर जपायचा, बाई. गावात टँकर आला तर भरायला लागंल."

"कधी येतो टँकर?"

"अजून आल्याला न्हाई."

आता बोला! मी मुकाट्याने पाय बदलला.

वाकून खिडकीबाहेर बघावं तर सगळ्या टेकड्या बोडक्या. जिथे शेळीसुद्धा पाय जपून टाकेल अशा चढावर माथ्यापर्यंत नांगर फिरवलेला, आणि वरची माती केव्हाच ओढ्यात जाऊन बसलेली. वर नुसता मुरूम. डबेवाला म्हणाला, "पूर्वी हितं लई झाडी हुती."

"मग गेली कुठे?"

"तोडली. पाऊस पडंना, पीक येईना. मग काय करायचं? लाकडं इकली."

"आणि पाऊस का पडेना?"

त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "झाडी न्हाई राह्यली ना, बाई."

मी पुण्यात एका दवाखान्यात नर्स आहे. आडमुठ्या माणसांशी डोकं लावायची मला रोजची सवय. पण या प्रवासात मी हात टेकले ते तिथूनच.

हौसेची सफर नव्हतीच ही. आई शेवगावला माझ्या थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे, होती. आमचं मूळ गाव नेवाशाच्या पुढे, प्रवरेच्या कालव्याकाठी. तिथे धाकटा भाऊ शांतवन दोन एकर ऊस करतो. तिथल्या ओलीने आईचे सांधे धरले म्हणून अक्काने तिला कोरड्या हवेत आणलं होतं. आता अक्काचा निरोप आला होता की आई फार दिवसांची सोबती नाही आणि 'मार्थाला बोलवा' एवढाच तिचा धोशा चाललाय.

अक्काच्या दारात पोचले तर तिने माझ्या हातावर अर्धा तांब्या पाणी घातलं आणि खाली घमेलं धरून ते परत गोळा केलं. "शेरडाला होईल," म्हणाली. जेवायला बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं (कुळथाच्या पिठाचं पातळ कालवण) आणि ठेचा. ठेच्याने जीभ पेटली, पण दुसऱ्यांदा पाणी मागायची सोय नव्हती. अक्का पहाटे उठून मैलभर चालून दोन हंडे आणत होती, तेही विहिरीच्या तळातून वाटीने खरवडून.

आई खाटेवर पडून होती. हाडांची मोळी झाली होती, पण जीभ तल्लख.

"सारा गेली, कळलं का तुला?" ती म्हणाली. सारा म्हणजे गावातली तिची मैत्रीण, दोघींचं लग्न एकाच साली झालेलं. "तिला पान्यात ठेवली म्हनं. खड्डा खनला तर पानी लागलं. पेटी वर याया लागली, म्हनून दगडं ठेवून दाबली. माणूस हाय का लोणचं?"

मला हसू यायला हवं होतं, पण अंगावर काटा आला. आमच्या बापाला गावच्या शिमित्रीत (ख्रिस्ती लोकांच्या दफनभूमीत) पुरलं, त्याला पंधरा-एक वर्षं झाली. त्याच्या शेजारची जागा आईने तेव्हाच मागून घेतली होती.

"जन्मभर पान्यामागं पळाले," आई म्हणाली. "मेल्यावर पानी माज्यामागं नगं. तू जा, उकरून बघ. कोरडं असंल तर मला तुज्या बापाशेजारी ठेवा. न्हाईतर न्हाई. आन् मला बरं वाटावं म्हनून खोटं बोलू नगंस. तू दवाखान्यात लोकांशी बोलतीस तसं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुकाण्यावरून नेवाशाला गेले. स्टँडवर गूळ घातलेला चहा प्यायले, गाडी बदलली. नेवाशाच्या पुढे मात्र डोळे दिपले. कालवा लागला की चित्र पालटतं. ऊस, ऊस आणि ऊस, पुरुषभर उंचीचा हिरवागार. शेवगावची वाटीने खरवडलेली विहीर डोळ्यांपुढे होती, म्हणून तो हिरवेपणा बघून आनंद होण्याऐवजी माझं डोकंच सणकलं.

पुलाशी उतरले आणि बांधावरून चालायला लागले. चार पावलं टाकली तोच डाव्या पायातली चप्पल चिखलात रुतली ती निघेचना. तिकडे दुष्काळ आणि इकडे माझी चप्पल चिखलात! ती उपसायला वाकले तर पिशवी पडली. शेवटी अनवाणीच भावाच्या दारात उभी राहिले.

शांतवनच्या बायकोने, रूथने, पाय धुवायला बादलीभर पाणी दिलं. त्यातला एक घोट तोंडात घेतला तर मचूळ. चूळ भरून टाकावी लागली.

"वन्सं, ते पिऊ नका," रूथ म्हणाली. "पिन्याचं पानी नदीवरनं बैलगाडीनं आनतो. ह्या पान्यात डाळसुदिक शिजत न्हाई."

म्हणजे अक्का पाणी नाही म्हणून मैलभर चालते, आणि ही पाण्यात बुडालेली असून नदीवर जाते. कपाळ माझं!

शांतवन माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. स्वभावाने गरीब, पण एकदा काही डोक्यात बसलं की पहारीने काढावं लागतं. त्याच्या दोन एकरांतल्या अर्ध्याअधिक जमिनीवर पीठ भुरभुरावं तसं पांढरं मीठ फुटलं होतं. ऊस तिथे गुडघ्याएवढा, पिवळा. याला इथे चोपण म्हणतात (फार पाणी पाजून खारावलेली जमीन). अति तिथे माती असं आपण म्हणतो, इथे तर मातीही राहिली नव्हती.

"मग पाणी कमी दे," मी म्हटलं. "हिला पाणीच बाधलंय."

"कालव्याची पाळी आली की पानी घ्यायालाच लागतं, ताई."

"का?"

"पाळी सोडली की नाव मागं जातं. मग दुसऱ्याला मिळतं. पुन्हा आपला नंबर कवा लागनार?"

"अरे, पण जमीन मरतेय!"

"व्हय, ती मरतीय," तो शांतपणे म्हणाला. "पर पानी हातचं कसं सोडायचं?"

मी त्याला कुदळ-फावडं घ्यायला लावलं आणि शिमित्रीत नेलं. शिमित्री त्याच्या रानाला लागून, उताराला. बाभळीखाली बापाचा दगड एका अंगाला कलंडला होता. आईच्या जागेवर मी उभी राहिले आणि म्हटलं, "खण."

काळी माती, लोण्यासारखी कापली जात होती. गुडघ्याएवढा खड्डा झाला नाही तोच कडेने पाणी पाझरायला लागलं. शांतवनने फावड्याने उपसलं, पुन्हा भरलं. पुन्हा उपसलं, पुन्हा भरलं. मग तो नुसताच फावड्यावर रेलून उभा राहिला.

"हे पाणी कुठून आलं?" मी विचारलं.

"खालनं येतंय."

"खालून नाही येत! तुझ्या रानातून येतंय. तू पाजतोस, ते इथे उतरतंय. आई इथे यायची आहे, शांतवन!"

मला त्याची कीव आली आणि त्याच वेळी त्याच्या एक मुस्काटात ठेवून द्यावीशी वाटली.

तेवढ्यात खालच्या रानाचे तात्या आले. तात्यांचं आणि आमचं दोन पिढ्यांचं शेजारपण. बारीक-सारीक भांडणं सोडली तर घरोबा. त्यांनीच सांगितलं की या रानांतून पूर्वी एक मोठा चर होता, सरकारने खणलेला. जास्तीचं पाणी त्यातून ओढ्याला जायचं. मग लोकांना वाटलं, एवढी जमीन उगीच वाया जातेय. म्हणून तो बुजवून त्यावर ऊस लावला. शांतवननेही बुजवला, तात्यांनीही.

"मग काढा ना पुन्हा!" मी म्हटलं.

"काढू की," तात्या म्हणाले. "शांतवननं आधी काढावा. पानी वरनं येतंय."

"आधी खाली वाट नगं का?" शांतवन म्हणाला. "तात्यांनी काढला की मी काढतो."

"ताई, तुमची आई ती आमची आई," तात्या छातीवर हात ठेवून म्हणाले. "तिच्या हातचं खाल्लंय मी. पर उभ्या उसाला हात कसा लावायचा?"

आईचं नाव घेताना त्यांचे डोळे खरोखर भरून आले. पण उसाच्या चार ओळी काढायला काही ते तयार होईनात. आईपेक्षा ऊस जड झाला होता.

संध्याकाळी कालव्यावरून पाटकरी (पाळीपाळीने पाणी सोडणारा माणूस) सायकलवरून चालला होता. मी त्याला अडवलंच.

"पाळी सोडली तर नाव मागे जातं का हो?"

"कोन म्हनतं?"

"सगळं गाव म्हणतं."

त्याने सायकल टेकवली, टोपी काढून डोकं खाजवलं. "आता असं बगा सिस्टर, मी हितं आल्यापास्नं कुनी पाळी सोडलीच न्हाई. मग नाव मागं जातं का न्हाई, मला तरी कसं कळनार?"

"बगितलंस?" शांतवन लगेच म्हणाला. "त्यालाबी खात्री न्हाई."

मी डोक्याला हात लावून कालव्याच्या कडेला बसले. "एकदा सोडून तर बघ," मी म्हटलं. "दोनतीन पाळ्या सोड, चर उघड, तोवर आई टिकली तर तिची जागा सुकेल. एकदाच बघ ना!" तो "बगू, बगू" म्हणत राहिला. आमच्याकडे 'बगू'चा अर्थ काय होतो ते सांगायला नको.

शेवगावला परत आले तेव्हा आई जागीच होती. खोटं बोलायचं नव्हतं.

"गुडघ्याला पाणी लागतं, आई."

तिने छताकडे नजर लावली. मला वाटलं स्वतःचा विचार करतेय.

"म्हंजी तुजा बाप पान्यातच हाय," ती म्हणाली. "त्याला गार सोसायचं न्हाई गं. थंडीत दोन घोंगड्या लागायच्या."

मी खाली बघून रडले. आई नाही रडली. म्हणाली, "मला हितंच ठेवा. कोरड्यात."

गुड फ्रायडेच्या आठवड्यात आई गेली. शेवगावची जमीन कोरडी खरी, पण कसली! वर वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली दगड. चार माणसं सकाळपासून पहार मारत होती आणि ठिणग्या उडत होत्या. दुपारी एकजण घाम पुसत म्हणाला, "दोन घागरी पानी वतलं असतं तर मुरूम मऊ पडला असता."

दोन घागरी पाणी कुणाकडेच नव्हतं. शांतवन तिथे उभा राहून ऐकत होता. त्या दिवशी त्याची पाळी होती. ती सोडून तो आला होता, आयुष्यात पहिल्यांदा. त्याने एकाच्या हातातली पहार घेतली आणि हातांना फोड येईपर्यंत मारत राहिला. आईला आम्ही अनोळखी माणसांच्या रांगेत ठेवलं, नवऱ्यापासून कितीतरी कोस लांब.

दीड महिन्याने कबरीवर दगड बसवायला आम्ही तिघं भावंडं शेवगावात पुन्हा जमलो. अक्काच्या दारापुढचा लिंबही आता वाळला होता. परतताना शांतवन मला स्टँडवर पोचवायला आला. विचारू नये ते मी विचारलंच.

"पुढची पाळी आली का रे?"

"आली," तो म्हणाला. "टायमावर आली. नाव हाय तितंच हाय."

मला एवढा संताप आला की गाडीचा दांडा घट्ट धरावा लागला. एवढंच होतं! एका पाळीचा प्रश्न होता, आणि सगळं गाव वर्षानुवर्षं त्या भीतीने आपली जमीन, आपल्या विहिरी, आपली माणसं बुडवत बसलं होतं. माणूस पाण्याशिवाय मरतो हे मी पुण्याहून येताना बघितलं, आणि पाणी हावरटासारखं धरून ठेवून कसा मरतो तेही बघितलं. दोन्हीकडे दोष मात्र आभाळाला.

"पर ती पाळीबी मी घेतलीच न्हाई," शांतवन खाली बघत म्हणाला. "चर काढाया घेतलाय. तात्याबी ऊस काढत्यात."

"बैल गेला आणि झोपा केला," मी ओरडले. गाडीतली माणसं वळून बघायला लागली. "आता कुणासाठी काढतोस रे?"

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याचे हात पुन्हा सोलले होते.

"बाप अजून पान्यातच हाय न्हवं, ताई."

गाडी सुटली. पुण्यापर्यंत मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होते, हेच दोन महिने आधी का नाही सुचलं म्हणून. आणि मधूनमधून त्यालाच म्हणत होते, काढ बाबा, लवकर काढ.