फोनवरचं वाण

"अक्का, हे फोनवरचं नाणं विकलं जात नाहीये. घेणारंच कुणी नाही, असं दाखवतंय."

शेजारीण माझ्या दारात फोन धरून उभी होती. तिच्या मनगटांवर सोन्याच्या बांगड्यांच्या जागी फिकट पट्टे तेवढे राहिले होते. मी तिला आत ये म्हटलं नाही. "जावयाला विचारते," म्हणाले आणि दार लोटलं. लोटताना माझ्या बांगड्या वाजल्या. तिनं ऐकल्या असणार.

ते नाणं मीच तिच्या पदरात घातलं होतं. माझा जावई महादेवपुऱ्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. फोनवरची नाणी घ्यायचा त्याला नाद. "मोठ्या नाण्यांत आता वाढायला जागा नाही, आई. हे लहान आहे. कुणाला ठाऊक नाही तोवरच घ्यायचं," तो सांगायचा. मी चौथी शिकलेली. मला एवढंच कळलं की आकडा रोज वर जातो.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या गल्लीत बायका डबे, वाट्या लुटतात. मला वेगळं काही करून दाखवायचं होतं. जावयाला बसवून घेतलं आणि प्रत्येकीच्या फोनवर त्याच्याकडचं ते नाणं थोडं थोडं पाठवायला लावलं. वाण कुणी नाकारत नाही. "यात साखर ठेवता येते का, अक्का?" एकीनं विचारलं. सगळ्या हसल्या. पुढं आकडा दुप्पट झाला तेव्हा हसणं थांबलं.

शेजारीण पीण्याला, कारखान्यांच्या भागात, कपड्यांच्या फॅक्टरीत दिवसभर उभ्यानं काम करते. पाय सुजतात. बांगड्या विकायच्या, अडवान्स भरून शिलाईचं दुकान घ्यायचं आणि बसून काम करायचं, असं तिचं ठरलेलं होतं. नाणं वाढलेलं बघून ती मला विचारायला आली.

"आधी बांगड्यांचे पैसे यात घालू का? स्वल्प वाढले तर मशीनही येईल. पण भीती वाटते."

"मग हातात घालून बस. पिल्लं होतील बांगड्यांना."

"तुम्ही सांगताय म्हणजे सरी, बरोबरच असणार, अक्का."

मी स्वतः त्यात एक पै घातली नव्हती. माझं सोनं माझ्या अंगावरच होतं.

त्या दिवशी दार लोटल्यावर जावयाला फोन लावला. "लहान नाण्यांत असं होतं, आई. मोठे पैसेवाले होते ते आपले पैसे काढून गेले."

"आणि तुमचे?"

"माझे मी आधीच काढले होते."

हे मी तिला सांगितलं नाही.

यंदा संक्रांतीला तिनं मला हळदीकुंकवाला बोलावलं. मला वाटलं होतं, बोलावणार नाही. तिनं कुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि चहाची गाळणी माझ्या हातात ठेवली. "वाण आहे, अक्का." मी घेतली. माझ्या दोन बांगड्या काढून तिला द्याव्यात असं मनात आलं होतं. दिल्या नाहीत.

फॅक्टरीची गाडी सकाळी आमच्या कोपऱ्यावर थांबते. मी ओट्यावर चहा घेत असते. ती गाडीत चढते.